जोर लावण्याआधी

प्रस्तावना

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नागपुरात पाऊस रुळला की गल्लोगल्लीच्या गॅरेजांत एकच तक्रार यायला लागते: "गाडी ओढून राहिली." इंजिन ठीक, चेन ठीक, टायरमध्ये हवा पुरेशी, पण पार्किंगमधून मागे ढकलताना गाडी जड लागते, न्यूट्रलमध्ये सोडली तर उतारावरही अडते, पेट्रोल जास्त पिते. वर्धा रोडने पंचवीस-तीस किलोमीटर जाऊन बुटीबोरीच्या कंपनीपाशी कुणी उतरतो, तेव्हा पुढच्या चाकातून जळका वास येतो आणि डिस्कवर पावसाचा थेंब पडला की चर्र आवाज होतो. मिस्त्री चाक उचलून हाताने फिरवून पाहतो आणि दोन शब्दांत निकाल देतो, "ब्रेक पकडला."

ही पुस्तिका या एकाच दुखण्यावर लिहिली आहे. पकडलेला डिस्क ब्रेक घरच्या अंगणात, मोजक्या पान्यांनी कसा ओळखायचा आणि कसा सोडवायचा, एवढाच तिचा विषय. एवढ्याशा गोष्टीला स्वतंत्र पुस्तिका कशाला, असे कोणी विचारील. ब्रेकशी जिवाची गाठ आहे, आणि तरीही गाडीच्या ज्या भागाविषयी आपल्या घरांत सगळ्यांत कमी माहिती आहे तो भाग हाच, म्हणून.

ड्रम ब्रेकच्या काळात असे नव्हते. मागच्या रॉडचा नट फिरवून ब्रेक घट्ट-सैल करणे, चाक काढून लायनर बदलणे, कॅमला बोटभर ग्रिस लावणे ही कामे रविवारी सकाळी अंगणात होत आणि शेजारची पोरे ती बघत उभी राहत. बघता बघता शिकत. १९९९ साली हीरो होंडाची सीबीझेड आणि २००१ साली बजाजची पल्सर आली, तेव्हा पुढच्या चाकाची डिस्क ही तरुणांच्या मिरवण्याची गोष्ट होती. आता ती रोजच्या वापरातली झाली आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले आणि त्याच्याबरोबर डिस्कही. डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारे हे कॅलिपर वाळूज आणि चाकणच्या कारखान्यांतून बनून बाहेर पडतात. म्हणजे वस्तू आपल्याच राज्यातली. पण तिचे आतले काम आपल्या अंगणात कधी उतरलेच नाही. ड्रम उघडणारा हात डिस्कपाशी येऊन थांबला, कारण तिथे ऑइल आहे, दाब आहे, आणि "त्याला हात लावू नको" असे प्रत्येकाने प्रत्येकाला सांगून ठेवले आहे.

त्या भीतीत तथ्य आहे. म्हणून मी वाचकाला आधी पाना हातात घ्यायला सांगत नाही. आधी तो ब्रेक लागतो कसा आणि सुटतो कसा हे पाहू. सुटणे जास्त महत्त्वाचे, कारण सगळा बिघाड तिथे आहे.

तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा बोटांचा जोर समजा १० किलो आहे. लिव्हरची रचना त्याचे साधारण पाचपट करते. लिव्हरपाशीच असलेल्या मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर ५० किलो पोहोचतात. तो पिस्टन १२.७ मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याचे क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४० किलोचा दाब तयार होतो. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकात ब्लेझ पास्कलने मांडलेला नियम. खाली कॅलिपरमध्ये ३० मिलिमीटरचा पिस्टन असेल तर त्याचे क्षेत्रफळ सात चौरस सेंटिमीटर. गुणाकार करून पाहा: पॅडवर २८० किलोचा जोर पडतो. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतील, पण घर हेच. १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीने हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटरसायकलीवर आणला. आज नागपूरच्या धंतोलीत उभ्या असलेल्या डिस्कच्या कुठल्याही गाडीत तोच हिशेब चालतो.

आता लिव्हर सोडा. ड्रममध्ये शू मागे ओढायला मजबूत स्प्रिंग असते. डिस्कच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे बसवलेले असते, आपण त्याला ऑइल सील म्हणतो. पिस्टन पुढे सरकतो तेव्हा ते सील त्याला चिकटून थोडे पिळले जाते. दाब गेला की ते मूळ आकारात येते आणि येताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाने मागे घेऊन येते. पॅड झिजत जातो तसा पिस्टन सीलमधून किंचित पुढे घसरून नवी जागा धरतो, त्यामुळे डिस्क ब्रेक कधी घट्ट करावा लागत नाही. इतकी साधी आणि इतकी सुंदर योजना दुचाकीत दुसरी मला दिसत नाही.

पण या योजनेत दोन बाजूंची ताकद फार विषम आहे. जाताना २८० किलो, येताना एका रबरी कड्याची मुरड. कॅलिपरमध्ये थोडी घाण साचली, थोडा क्षार धरला, तर जाणाऱ्या पिस्टनला त्याचा पत्ताही लागत नाही. परतीला मात्र तेवढाच अडथळा पुरतो. म्हणून पकडलेला ब्रेक दाबताना अगदी छान लागतो, आणि मालक महिनोन्‌महिने निश्चिंत असतो. या पुस्तिकेतली प्रत्येक कृती त्या परतीच्या वाटेसाठी आहे. पिस्टनला हलवणे अवघड नाही. तो आपणहून मागे आला पाहिजे, हे खरे काम.

ही वाट अडते कशाने? लोक म्हणतात, पिस्टन गंजला. उघडून पाहिले तर बहुतेक पिस्टनवरचा क्रोम अजून चकचकीत असतो. दोष असतो सीलच्या मागच्या खाचेत. कॅलिपर ॲल्युमिनियमचा; त्याला ओल लागली की पांढरा, कडक, खरखरीत थर धरतो. हा थर मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि सीलला मागून आत रेटतो. सील पिस्टनला करकचून आवळते. बाहेरचे धूळ-सील आणि आतले ऑइल-सील यांतल्या बाहेरच्याच्या मागे हा थर आधी धरतो, कारण पाणी तिकडून येते. नवे सील आणून जुन्या खाचेत तसेच बसवले तर ब्रेक पुन्हा पकडतो, आणि दोष मग नव्या सीलला दिला जातो.

नागपूरचे हवामान या थराला पोसते. मार्च ते मे हवा कोरडी, पारा ४६-४७ अंशांपर्यंत, आणि रस्त्यावर पिठासारखी बारीक धूळ. कोराडी-खापरखेड्याकडे वीजकेंद्रांची राख, उमरेड-सावनेरकडे कोळशाची भुकटी. ही धूळ कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांवर, पिस्टनच्या उघड्या कडेवर बसून राहते. मग पावसाळा येतो आणि तिचा लगदा होतो. सुट्टीत गाडी महिनाभर झाकून ठेवून कुटुंब गावी गेले असेल तर पिस्टन एकाच जागी उभा राहिलेला असतो, आणि थराला निवांत वेळ मिळतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर गाड्या बाहेर काढताना पुष्कळांना याचा अनुभव आला.

आणि २३ सप्टेंबर २०२३. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत घरांच्या तळमजल्यावर पाणी आणि पाण्याखाली गाड्या. पाण्यातून निघालेल्या गाडीचे इंजिन ऑइल बदलायचे, प्लग सुकवायचा, एअर फिल्टर फेकायचा, हे सगळ्यांना ठाऊक असते, कारण त्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. कॅलिपर कोणी उघडत नाही; ब्रेक तर लागत असतो. पण गाळाचे पाणी धूळ-सीलच्या मागे आणि पिनांच्या रबरी टोप्यांत शिरले की ते आपोआप बाहेर येत नाही. अशा गाडीला पुढच्या काही महिन्यांत ब्रेक पकडण्याचा धोका असतो, आणि तोवर पुराची आठवण मागे पडलेली असते. या पुस्तिकेत पाण्याखाली गेलेल्या गाडीसाठी वेगळे प्रकरण ठेवण्याचे कारण ती रात्र आहे.

ब्रेक ऑइलविषयीही बोलले पाहिजे. डॉट ३ आणि डॉट ४ ही ऑइले हवेतली ओल शोषतात. सीलबंद दिसणाऱ्या यंत्रणेतही ती वर्षागणिक शिरत राहते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो, त्याखाली नाही. पकडलेला ब्रेक डिस्क तापवतो, डिस्क ऑइल तापवते, आणि जुने ऑइल उकळून त्यात वाफ झाली तर लिव्हर थेट हँडलला टेकते. जो ब्रेक सुटत नव्हता तोच मग लागत नाही. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचेच घ्यावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे द्रव्य आहे, ते यांत मिसळू नये, डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच कुळातले.

आता निदान. मला या पुस्तिकेतले एकच पान वाचकाच्या लक्षात राहावे असे कोणी म्हटले तर मी निदानाचे पान निवडीन. ब्रेक पकडला म्हणजे कॅलिपर बिघडला, असे गृहीत धरून थेट तिथे हातोडी घेऊन जाणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाक अधांतरी करा, ब्रेक दोन-चार वेळा दाबून सोडा आणि चाक फिरवा. अडते आहे. आता कॅलिपरवरच्या, ऑइल बाहेर सोडण्याच्या निपलला सलाईनची नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडा, आणि निपल पाव फेरा सैल करा. थेंबभर ऑइल उसळून आले आणि चाक मोकळे फिरू लागले, तर कॅलिपर निर्दोष आहे. दाब वर परत जात नव्हता. निपल उघडूनही चाक तसेच अडले, तर अडथळा कॅलिपरमध्येच आहे.

पहिल्या प्रकारात आणखी एक पायरी आहे. ब्रेक पुन्हा पकडवा आणि या वेळी मास्टर सिलिंडरपाशी होजचा, म्हणजे ऑइल नेणाऱ्या नळीचा, बँजो बोल्ट सैल करा. त्याने चाक सुटले तर दोष मास्टर सिलिंडरचा; न सुटता ते निपलनेच सुटत असेल तर होज आतून फुगून बंद होत आहे, दाब जाऊ देते आणि येऊ देत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे परत जाण्याचे एक अगदी बारीक छिद्र असते, सुईच्या टोकाएवढे. वाळलेल्या ऑइलच्या खड्याने ते बुजले, किंवा लिव्हरला जरासुद्धा ढिलाई न ठेवल्यामुळे पिस्टनने ते झाकून धरले, तर तापून फुगलेल्या ऑइलला जायला जागा उरत नाही. चालता चालता ब्रेक आपोआप लागत जातो, आणि चहाला अर्धा तास थांबले की सुटतो. हे लक्षण ज्याने ओळखले त्याचा कॅलिपर उघडण्याचा सगळा खटाटोप वाचला. मागच्या डिस्कच्या पेडलखालचा पुशरॉड कोणीतरी "ब्रेक लवकर लागावा" म्हणून ताणून ठेवलेला असतो, तिथेही हेच घडते.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अडथळा कॅलिपरमध्ये असताना, पिस्टन जाम की पिन जाम हे पॅड सांगतात. एक पॅड संपत आलेला आणि दुसरा जवळजवळ नवा असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडल्या आहेत. पिना काढून, पुसून, सिलिकॉन ग्रिस लावून बसवणे एवढेच काम. इथे बेअरिंगचे साधे ग्रिस अजिबात नको. खनिज तेलाने टोपीचे रबर फुगते आणि पिन आणखी आवळली जाते. याच कारणाने कॅलिपरच्या आतल्या भागांना पेट्रोल, रॉकेल, डिझेल किंवा गंज सोडवणारा फवारा लावू नये. धुवायला साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश, शेवटी ताजे ब्रेक ऑइल.

पिस्टनच जाम असेल तर तो बाहेर काढायला सगळ्यांत चांगले अवजार तुमच्या गाडीवरच बसवलेले आहे, ते म्हणजे ब्रेकची लिव्हर. मघाचे २८० किलो आठवा. कॅलिपर फोर्कवरून उतरवा, होज जोडलेलीच राहू द्या, कॅलिपर होजला लोंबकळू न देता सुतळीने बांधा, पॅड काढा, मध्ये लाकडाचा तुकडा धरा आणि लिव्हर सावकाश दाबत राहा. टाकीत ऑइल कमी होऊ देऊ नका. जाम पिस्टन कण्हत कण्हत पुढे येतो. दोन पिस्टन असतील तर सैल असलेला क्लॅम्पने दाबून धरा, म्हणजे दाब अडलेल्याकडे वळतो. बँजो बोल्ट आणि पॅडची पिन हे दोन्ही कॅलिपर फोर्कवर घट्ट असतानाच किंचित सैल करून पुन्हा बसवून ठेवावेत. सुटा कॅलिपर हातात धरून ते निघत नाहीत.

पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा लावून पिस्टन उडवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मी तिचा ठाम विरोधक आहे. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोच्या हवेनेही त्या पिस्टनवर ५० किलोचा धक्का बसतो. आणि दाबलेली हवा पिस्टन सुटल्यावर फैलावत जाते, त्याला गोळीसारखी फेकते. समोर बोट असेल तर ते जाते. ऑइल दाबले तरी आक्रसत नाही, म्हणून पिस्टन सुटताच त्याचा दाब क्षणात संपतो. त्यात धोका नाही असे नाही, कॅलिपरच्या जबड्यात बोट कधीच घालायचे नाही. पण या दोन पद्धतींची तुलनाच होत नाही. लिव्हरनेही न हलणारा पिस्टन असतो. त्यासाठी बँजोच्या भोकातून ग्रिसगन लावण्याची युक्ती पुस्तिकेत दिली आहे. त्यानंतर ग्रिसचा कण न कण धुऊन काढणे आणि दोन्ही सील फेकून नवे किट घालणे बंधनकारक आहे.

पकडीने पिस्टनची कड धरून पिळू नये. क्रोमवर उठलेला एक ओरखडा नव्या सीलला कापत राहतो. आणि थोडासा बाहेर आलेला मळका पिस्टन न धुता मागे ढकलणे ही तर घरोघरी होणारी गोष्ट आहे: पॅड बदलताना नवा जाड पॅड मावत नाही म्हणून पिस्टन आत रेटला जातो, त्याच्या अंगावरचा सगळा मळ सीलखाली जातो, आणि दोन महिन्यांनी ब्रेक पकडतो. धुऊन मग ढकला. एवढ्या एका सवयीने या पुस्तिकेची गरज पुष्कळ कमी होईल. खाच खरवडायलाही टोकदार पोलाद नको, बांबूची किंवा प्लास्टिकची काडी पुरते, धीर मात्र लागतो.

कुठे थांबायचे तेही स्पष्ट सांगतो. पिस्टनवर खड्डे पडलेले दिसले, कॅलिपरच्या आतल्या भिंतीवर नखाला लागेल अशी चीर असली, निपल मोडला, की घरचे काम संपले. तो भाग बदलायचा. ऑइल प्यायलेले पॅड पुसून, भाजून, घासून परत वापरायचे नाहीत. पॅडची भुकटी तोंडाने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. एबीएसच्या गाडीत टाकी रिकामी होऊन हवा मॉड्युलेटरमध्ये शिरली तर ती काढायला पुष्कळ गाड्यांत निदानाचे यंत्र लागते, तेव्हा अशा गाडीचे मालक पहिल्यांदाच काम करत असतील तर त्यांनी पिना आणि धुलाई यांपुरते थांबावे. उरलेल्या कामासाठी चांगला मिस्त्री गाठावा आणि त्याला निपलच्या परीक्षेचा निकाल सांगावा. दिवसाला डझनभर गाड्या हातावेगळ्या करणाऱ्या माणसाला सर्वांत दुर्मिळ असतो तो वेळ. निदान तुम्ही घरून करून नेले तर तो मनापासून ऐकतो.

काम झाल्यावर पॅड डिस्कपासून दूर गेलेले असतात. पहिल्या दाबाला लिव्हर पोकळ जाते, दुसऱ्यालाही. ती टणक होईपर्यंत गाडीवर बसायचे नाही, आणि पहिली चाचणी फाटकाच्या आत, चालण्याच्या वेगाने घ्यायची.

पुस्तिकेत सहा प्रकरणे आहेत. रचना व कार्य, नागपूरचे हवामान, निदान, पिना, पिस्टन, आणि पाण्याखाली गेलेली गाडी, असा त्यांचा क्रम आहे. ज्यांचा ब्रेक आत्ताच पकडलेला आहे त्यांनी पहिली दोन सोडून सरळ तिसऱ्याला जावे. फक्त निपलला पाना लावण्याआधी पेट्रोलच्या टाकीवर आणि मडगार्डवर ओले फडके पसरून जवळ पाण्याची बादली ठेवावी; ब्रेक ऑइल रंग उतरवते, आणि सांडल्याबरोबर भरपूर पाणी ओतले तरच तो वाचतो.